जाम झालेलं मागचं चाक

आत्याबाईंचा, माझ्या सासूबाईंचा पाय जीपमुळे अधू झाला असं आमच्या घरात आजही कोणी सहज बोलून गेलं, तर माझं डोकं फिरतं. जीपमुळे नाही. माझ्यामुळे तर मुळीच नाही. ज्यांच्यामुळे झाला त्यांतले एक म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले भाऊ. दुसरे खुद्द माझे यजमान. आता दोघंही नाहीत. गेलेल्या माणसांबद्दल काय बोलायचं, असं माझी सून म्हणते. पण मी हे त्यांच्या हयातीतही बोलत होते, त्यांच्या तोंडावर बोलत होते. तेव्हा कोणी ऐकलं नाही, म्हणून अजून बोलते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव डोणगावपासून कच्च्या रस्त्यानं दीडेक कोस. घरात भासरे, जाऊबाई, त्यांची मुलं, आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. सासरे फार लवकर गेले होते. भासऱ्यांनी शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्या भावाला शिकवलं. हे त्या घरात जेवताना, झोपताना, पेरताना, सोंगताना, दर वेळी कोणी ना कोणी बोलून दाखवायचंच. यजमान तर देवाचं नाव घ्यावं तसं 'दादा' म्हणायचे.

लढाईच्या काळात यजमान लष्करात मोटारी चालवायला होते. परत आल्यावर पुढं काही वर्षांनी त्यांनी डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून एक जीप आणली. वळवायचं चाक डाव्या बाजूला, म्हणून गावातली माणसं तिला 'उलट्या हाताची' म्हणत. नाला, चिखल, नांगरलेलं वावर, काही म्हणून तिला अडवायचं नाही. विहिरीवरच्या इंजिनाचे सुटे भाग, सरकीच्या ढेपेची पोती, बाळंतपणाला अडलेली बाई, सगळं तिच्यातून जायचं.

माझं लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी यजमान कापसानं भरलेल्या गाडीवरून खाली पडले. डावा गुडघा वाकेनासा झाला. क्लच दाबता येईना. मग जीप कोणी चालवायची? भासऱ्यांनी एकदा प्रयत्न केला. जीप सरळ कडब्याच्या गंजीत घातली आणि उतरून निघून गेले, पुन्हा चाकाला हात लावला नाही. तेव्हा यजमानांनी मला शिकवलं. मी अकोल्याची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, सायकल चालवणारी. डोक्यावरचा पदर दातात धरून मी महिनाभरात जीप चालवायला लागले. नुसती चालवायला नाही. प्लग साफ करणं, पंक्चर काढणं, ब्रेकचे ड्रम उघडून शू बदलणं, सगळं त्यांनी खाटेवर बसून सांगितलं आणि मी हातानं केलं. त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं त्यामुळेच जास्त लागतं.

आणखी एक सांगायला हवं. भासऱ्यांशी मी बोलत नसे. तशी रीतच होती. ते ओसरीवर आले की पदर पुढं ओढायचा आणि आत जायचं. काही सांगायचं असेल तर जाऊबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगणार. त्यांचं उत्तर त्याच वाटेनं परत.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता जीपचा ब्रेक खाली जायला लागला. पायाखालची पट्टी दाबली की अर्ध्याहून खाली जाई, तेव्हा कुठं ब्रेक लागे. ब्रेकचं तेल कमी झालं होतं. चालवणाऱ्याच्या पायाशी पत्र्याचं एक झाकण असतं, त्याच्याखाली ब्रेकच्या तेलाचं भांडं. पाहिलं तर तळाला गेलेलं. हे तेल इंजिनात घालतात ते नव्हे. ते वेगळं असतं, वेगळ्या डब्यात मिळतं. मी यजमानांना सांगितलं, जाऊबाईंना सांगितलं. भासरे बाजाराला मेहकरला जाणार होते.

संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "आनलं म्हनतात. टाकलं बी म्हनतात."

"डबा कुठी हाय?"

"ते मले काय माईत वं बाई."

मी उठून पट्टी दाबून पाहिली. कडक झाली होती. भांडंही भरलेलं दिसलं. मी विषय सोडून दिला.

आठ-पंधरा दिवस गेले असतील. डोणगावहून येताना मला जळक्या चामड्यासारखा वास आला. जीप जड चालत होती, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक तापलेलं, त्याच्या ड्रमवर थुंकी टाकली तर चर्रकन वाजेल इतकं. थोडा वेळ झाडाखाली उभी केली. गार झाल्यावर चाक मोकळं. मी घरी आले आणि यजमानांना सांगितलं.

ते म्हणाले, "स्प्रिंग ढिली झाली असन. पाह्य."

मी ड्रम काढला. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे शू मागं ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्या ताठ होत्या. तरी बदलल्या. पुन्हा दोन दिवसांनी तेच. "शू घासत असतीन," ते म्हणाले. मी शू सैल केले. पुन्हा तेच. आता कधी डावं, कधी दोन्ही मागची चाकं धरायला लागली.

ओसरीवरून भासऱ्यांचा आवाज आला. मला ऐकू जाईल असाच काढलेला. "बाईमाणसाचा पाय ब्रेकावरून उचलतच नाही. घाबरट जात. चाक तपन नाही तं काय होईन?"

आत्याबाईंनी मान डोलावली. यजमान तिथंच खाटेवर होते. त्यांनी सुपारी कातरली.

गावात हे दोन दिवसांत पसरलं. पाणी भरायला गेले तर बाया हसून विचारायच्या, "काऊन वो, पाय ठेवूनच बसता म्हनं?" मी तेव्हाही संतापायची, पण बोलून काय उपयोग? जीप चालवणारी मी एकटी. माझा पाय ब्रेकवर असतो की नसतो हे सांगायला साक्षीदार कोण? एकच माणूस होता. माझ्या शेजारी बसून ज्यानं मला शिकवलं, माझा पाय कुठं असतो हे ज्याला पक्कं ठाऊक होतं. तो सुपारी कातरत होता.

मग आत्याबाई पडल्या. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि उजव्या पायाची नडगी मोडली. पाय सुजला, पण हाड आतच होतं, कातडी धड होती. सुईणीनं दोन बांबूच्या कामट्या लावून बांधून दिलं आणि म्हणाली, मेहकरच्या दवाखान्यात न्या. भासरे शेतात होते. जीप काढायला माझं मन होईना. पण बैलगाडीत एवढ्या लांब, त्या रस्त्यानं, मोडका पाय घेऊन? यजमान म्हणाले, "घेऊन जाय. हळू जाय. ब्रेक जास्त मारू नको."

ब्रेक जास्त मारू नको. हे शब्द मला नंतर पुन्हा पुन्हा आठवले.

मागं आत्याबाईंना गादीवर आडवं केलं, जाऊबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. डोणगाव ओलांडलं. पुढं उताराला एक म्हशींचा कळप आडवा आला. ब्रेक मारावाच लागला. म्हशी गेल्या, मी पाय काढला, आणि जीप जागची हलेना. दोन्ही मागची चाकं जाम. पुढं नाही, मागं नाही. गियर घालून जोर केला तर इंजिन बंद. खाली उतरले. पान्यांची पिशवी पाहिली तर नव्हती. विहिरीवरच्या इंजिनासाठी भासऱ्यांनी नेली होती, ती तिथंच राहिली होती.

ऊन डोक्यावर. सावली नाही. आत्याबाई कण्हायला लागल्या. जाऊबाई पदरानं वारा घालत होत्या. मी चाकांवर माठातलं पाणी ओतलं, वाट पाहिली, पुन्हा ओतलं. या खेपेला चाकं सुटली नाहीत. येणारी-जाणारी माणसं जमली. एकानं विचारलं, "घरी मानूस नाही काय?" दुसरा हसत म्हणाला, "मानूस असता तं जीप इथी उभी राहती काय बे?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागं सरकला, पण हसणं काही थांबलं नाही.

शेवटी एक रिकामी बैलगाडी आली. गाडीवानानं आणि आणखी दोघांनी आत्याबाईंना उचललं. मी ओरडत होते, पाय सरळ धरा, पाय सरळ धरा. त्यातल्या एकाचा हात निसटला. कामट्या सरकल्या, पाय वाकला आणि आत्याबाईंनी जी किंकाळी फोडली ती मी अजून विसरले नाही. मोडलेलं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं.

मेहकरच्या डॉक्टरांनी धुऊन बांधलं आणि अकोल्याला पाठवलं. जखम चिघळली. आत्याबाई पावसाळा लागेपर्यंत अकोल्यात माझ्या माहेरी राहिल्या, कारण दवाखाना तिथं होता. पाय वाचला, पण आखूड झाला. त्या शेवटपर्यंत लंगडत चालल्या.

जीप दोन बैलजोड्या लावून ओढत घरी आणली. भासऱ्यांनी ताडपत्री टाकली आणि जाऊबाईंमार्फत निरोप आला, "म्हना, आता हे यंत्र बंद. बाईच्या हातानं मायचा पाय गेला."

मी निरोप ऐकला आणि त्याच सकाळी ताडपत्री काढली.

यजमान लिंबाखाली खाटेवर होते. म्हणाले, "राहू दे. मेहकरचा मिस्त्री पाह्यन."

"मिस्त्रीच्या आदी मी पाह्यन," मी म्हटलं. "माझा पाय होता का नव्हता ते मले माहीत पाहिजे."

"तुह्या पायाचं कोन म्हनते?"

"सारं गाव म्हनते. तुम्ही चूप राह्यता."

मी विहिरीवरून पाने आणले होते. मागचा भाग जॅकवर उचलला, दोन्ही चाकं अधांतरी. पट्टी दाबली, सोडली. खाली उतरून चाकं फिरवली. फिरेनात. पुढची चाकं पाहिली, ती मोकळी होती. म्हणजे दोष मागच्या बाजूलाच.

आता पहिला प्रश्न असा होता, की चाकात काहीतरी अडकलंय, की तेलाचा दाब आत कोंडलाय? प्रत्येक चाकामागं एक छोटा पोकळ स्क्रू असतो, ब्रेकमधली हवा काढायला. डाव्या चाकाचा स्क्रू मी अर्धा फेरा सैल केला. तेलाची बारीक चिळकांडी उडाली, माझ्या गालावर आली, आणि चाक हातानं फिरलं. आणि गंमत म्हणजे उजवं चाकही फिरलं, ज्याला मी हातही लावला नव्हता. स्प्रिंग नव्हती, शू नव्हते. दाब आत कोंडत होता आणि दोन्ही चाकांचा एकाच जागी कोंडत होता.

"पाह्यलं का?" मी म्हटलं. "तुम्ही मले स्प्रिंगा बदलायले लावल्या."

"मंग नळीत असन काही," ते हळूच म्हणाले.

पायाजवळच्या भांड्यापासून मागं लोखंडी बारीक नळी जाते. मागचा आस खाली-वर हलतो, म्हणून तिथं मध्ये वीतभर रबराची नळी असते, आणि तिच्यापुढं फाटा फुटून दोन्ही चाकांना तेल जातं. मी स्क्रू घट्ट केला, पुन्हा पट्टी दाबली, चाकं पुन्हा जाम झाली. आता रबरी नळीच्या अलीकडचा जोड सैल केला. थेंब-दोन थेंब आले. चाकं जामच. मग पलीकडचा जोड सैल केला. तेल भळकन आलं आणि चाकं सुटली.

रबरी नळी. पायाचा जोर होता तेव्हा तेल तिच्यातून पुढं रेटलं जात होतं, पण पाय काढल्यावर परत येत नव्हतं. मी ती काढली आणि विळ्यानं उभी चिरली. आतलं रबर भिजवलेल्या वालासारखं फुगून मऊ झालं होतं, मधलं भोक सुईएवढंही राहिलं नव्हतं. चाकातला छोटा सिलिंडर उघडला, तर त्यातल्या रबराच्या टोप्याही फुगलेल्या, बोटांनी ओढून काढाव्या लागल्या. माझा पाय ब्रेकवर चोवीस तास असता तरी रबर असं फुगलं नसतं. रबर फुगतं ते नको ते तेल पोटात गेलं तर.

मी सगळं तेल एका काचेच्या बाटलीत काढलं आणि ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं. दुपारून पाहिलं तर बाटलीत दोन थर झाले होते. खाली जुन्या ब्रेकच्या तेलाचा फिकट थर आणि वर काळसर. वरच्याचा मी वास घेतला. ओळखीचाच वास होता, पण कुठला ते लगेच उमजेना. मला वाटलं, मेहकरच्या दुकानदारानं डब्यात भलतंच भरून दिलं. माझ्या अंगाची आग झाली. बाटली हातात घेऊन मी यजमानांपुढं उभी राहिले.

"मी मेहकरले जातो. त्या दुकानदाराच्या डोक्यावर ओतीन हे. त्याच्यापायी आत्याबाईचा पाय गेला."

"जाऊ नको," ते म्हणाले.

"काऊन?"

"त्यानं नाही देल्लं."

"मंग कोनं देल्लं?"

ते खाटेच्या सुंभाकडे पाहत राहिले. "दादा त्या दिवशी तेल आनायचं विसरले. बाजारातून आले, मंग आठवलं. विहिरीवरचा डबा होता, इंजिनाच्या तेलाचा. त्यातलं टाकलं."

"तुम्हाले कोनं सांगतलं?"

"मी इथंच बसलो होतो."

मला आधी ते समजलंच नाही. मी पुन्हा विचारलं, "टाकताना तुम्ही पाह्यलं?"

"हाव."

"अन् त्या तेलानं काय होते, तुम्हाले माहीत होतं?"

"हाव. पन थोडंसंच होतं. मले वाटलं, निभून जाईन."

लष्करात मोटारी चालवलेला माणूस. ब्रेकच्या डब्याला दुसऱ्या तेलाचं बोटही लावू नये हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि ते खाटेवर बसून पाहत राहिले. मग मी चाक तापल्याचं सांगितलं तेव्हा स्प्रिंग पाहा म्हणाले. मग शू पाहा म्हणाले. ओसरीवर मला घाबरट म्हटलं तेव्हा सुपारी कातरली. आपली आई मोडक्या पायानं त्या जीपमध्ये निजवली तेव्हा म्हणाले, ब्रेक जास्त मारू नको.

"एक शब्द बोलायचा होता," मी म्हटलं. "मले एकटीले सांगायचा होता. मी तेल काढून टाकलं असतं. कोनाले कळलंही नसतं."

"तू वहिनीले बोलली असती. त्या दादाले बोलल्या असत्या. दादानं मले वाढवलं. त्याले खाली पाहायले कसं लावू?"

"मले लावलं ना खाली पाहायले."



मी बाटली घेऊन माजघरात गेले. भासरे जेवायला बसले होते, जाऊबाई वाढत होत्या. मी पदर पुढं ओढला, दारात उभी राहिले, आणि जाऊबाईंकडे पाहून मोठ्यानं बोलले. "जाऊबाई, इचारा त्यायले, ब्रेकात इंजिनाचं तेल कोनं टाकलं? बाटली आनली हाय. विहिरीवरचाच वास हाय. इचारा."

भासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मान वर केली नाही. जाऊबाईंना म्हणाले, "सांग तिले, तेल ते तेल. जीप चालवता आली असती तं कोनत्याबी तेलानं चालली असती."

आणि भाकरीचा तुकडा मोडला. मागं यजमान काठी टेकत आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता बोलतील. आता तरी. ते म्हणाले, "चाल, आत चाल. जेवू दे दादाले."

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. ताट वाढायचे, धोतर धुवायचे, गुडघ्याला तेल चोळायचे, आणि तोंडातून शब्द काढायचे नाही. ते रोज काहीतरी विषय काढायचे. पावसाचा, मुगाचा, बैलांचा. मी हूं म्हणायचे.

जीप मात्र मी सोडली नाही. अकोल्याला आत्याबाईंना भेटायला गेले तेव्हा नवी रबरं, नवी नळी आणि ब्रेकच्या तेलाचा सीलबंद डबा स्वतः निवडून आणला. लोखंडी नळ्या स्पिरिटनं धुतल्या, सगळे सिलिंडर उघडून पुसले. पायाजवळचं भांडंही काढलं, त्यातली टोपी फुगायला लागलीच होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर पुढची चाकंही धरली असती.

शेवटी नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पट्टी दाबायची आणि दाबून धरायची, दुसऱ्यानं चाकाजवळ स्क्रू उघडून हवा जाऊ द्यायची आणि बंद करायची. यजमान उठायला लागले. मी म्हटलं, बसा. मी जाऊबाईंना हाक मारली.

त्या नऊवारी सावरत चालवणाऱ्याच्या जागेवर चढून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच बसल्या होत्या. मी जीपखालून ओरडायची, "दाबा!" त्या दाबायच्या. "सोडा!" त्या सोडायच्या. तेलातून बुडबुडे फुटत होते. दुसऱ्या चाकाला आल्यावर त्या दाबताना काहीतरी पुटपुटायला लागल्या. मी कान दिला. प्रत्येक दाबाला एक, अशा त्या नवऱ्याच्या नावानं शिव्या देत होत्या. हळू आवाजात, मन लावून, एकसारख्या.

"जाऊबाई?" मी खालून विचारलं.

"तू तुहं काम कर," त्या म्हणाल्या. "किंकाळी मीबी आयकली. माह्या मांडीवर डोकं होतं त्याहिचं."

ब्रेक कडक झाला. डोणगावपर्यंत मी जीप नेली, ठिकठिकाणी मुद्दाम जोरानं ब्रेक मारले, उतरून चाकांना हात लावला. गार होती. त्या उतारावर उभं राहून मला आनंद व्हायला हवा होता. मला तिथल्या तिथं दगड घेऊन कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं.

आत्याबाई परत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पायावरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्या पोराले लोकाईत बोलू नको." कोणत्या पोराला ते काही त्यांनी सांगितलं नाही. आणि गावात तर ठरूनच गेलं होतं, की धाकट्या सुनेनं जीप चालवून सासूचा पाय मोडला.

पुढच्या माघात जाऊबाईंच्या थोरल्या मुलीची सोयरीक ठरली. दुसरबीडकडची माणसं सुपारी फोडायला आली होती. ओसरीवर पुरुषांची पंगत बसली होती. आत्याबाई लंगडत दारापर्यंत आल्या, तर मुलाच्या मामानं विचारलं, "मायचा पाय कसा काय?"

भासरे हसले. "आमच्याकडं सून जीप चालवते ना! ब्रेकावर पाय देऊन बसली, अन् मायचा पाय गेला."

सगळे हसले. मी आत पुऱ्या लाटत होते. माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"दादा," यजमानांचा आवाज आला. "ब्रेकात इंजिनाचं तेल तू टाकलं होतं. मी खाटेवर बसून पाह्यलं अन् चूप राह्यलो. तिचा काही दोष नाही."

बाहेर कोणीतरी खोकलं. भासरे म्हणाले, "कोनतं तेल?" पण आवाजात जोर नव्हता. यजमान पुन्हा म्हणाले, "विहिरीवरच्या डब्यातलं." मग आत्याबाई म्हणाल्या, "सोयरिकीच्या दिवशी हे काय काढलं बापा?" आणि मुलाचा मामा मोठ्यानं विहिरीच्या पाण्याबद्दल विचारायला लागला. पंगत पुढं चालली. सोयरीक मोडली नाही, पुढं लग्नही चांगलं झालं. भासरे मात्र त्या दिवसापासून धाकट्या भावाशी सरळ बोलेनासे झाले, आणि दोन वर्षांनी वाटणी झाली. भांडण न करता झाली. जीप आमच्या वाट्याला आली.

त्या दिवशी पंगत उठल्यावर यजमान काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. कपाळावर घाम होता. एवढं मोठं काहीतरी करून आल्यासारखा चेहरा होता त्यांचा. आणि खरंच त्यांच्यासाठी ते फार मोठं होतं, हे मला कळत होतं.

"झालं ना आता?" ते म्हणाले. "बोललो मी."

माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आला तो संतापच. मी कढईतली पुरी काढली आणि वळले.

"इतकंच होतं?" मी म्हटलं. "इतकंच बोलायचं होतं? दोन वाक्यं? हे तं तुम्हाले पहिल्याच दिवशी बोलता येत होतं."

ते दाराची चौकट धरून उभे राहिले. बाहेरून कोणीतरी पान मागितलं. जाऊबाईंनी माझ्या हातातला झारा घेतला आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, "जा भाऊजी, पाव्हने बसले हायेत." ते गेले. मी चुलीपुढं बसून राहिले आणि जाऊबाई उरलेल्या पुऱ्या तळत होत्या.